म्हापशाला माल जातो का? कुडाळमधील एका कर सल्लागाराच्या सेवेचे परीक्षण

कुडाळच्या बाजारपेठेत लाकडी जिन्याने वर गेले की दोन खोल्यांचे एक कार्यालय लागते. बाहेरच्या खोलीत एक लांब बाक आणि तारखांभोवती लाल वर्तुळे काढलेले कॅलेंडर, आतल्या खोलीत आमचे कर सल्लागार. नाव छापायचे नाही या अटीवरच त्यांनी मला हे लिहू दिले आहे. मात्र सल्लागार कसा पारखावा आणि मुळात त्याच्याकडे जाण्याची पाळी आपल्यावर का येते, हे नावाशिवायही सांगता येते. मी सहा वर्षांपासून त्यांची ग्राहक आहे. वेंगुर्ले तालुक्यात आमचा काजू प्रक्रियेचा लहान कारखाना आहे, मे महिन्यात आंब्याचा रस डबाबंद करण्याचे काम चालते आणि सासऱ्यांनी लावलेली हापूसची बाग आहे. त्यामुळे जीएसटी, आयकर, व्यवसाय कर आणि शेतीचे करमुक्त उत्पन्न या चारही गोष्टी आमच्या एकाच घरात नांदतात आणि कर न्याय्य आहे की नाही हा प्रश्न आमच्याकडे जेवणाच्या पानावरही निघतो.

1 जुलै 2017 रोजी जीएसटी लागू झाला, तेव्हा आम्ही दुसऱ्या एका शहरातील सल्लागाराकडे काम सोपवले होते. आमचा काजूगर तेव्हा गोव्यातल्या म्हापशाच्या दोन दुकानांत जात असे. म्हापसा आम्हाला रत्नागिरीपेक्षा कितीतरी जवळ, त्यामुळे आपण परराज्यात विक्री करत आहोत हे आमच्या मनातही आले नाही आणि त्या गृहस्थांनी ते विचारलेही नाही. त्यांनी म्हापशाच्या बिलांवर केंद्राचा आणि राज्याचा असे दोन भाग करून कर भरला; भरायला हवा होता तो आंतरराज्य विक्रीचा एकात्मिक कर. टक्के तेच, रक्कम तीच, फक्त खाते चुकले. कायद्याप्रमाणे आम्हाला तेवढाच कर योग्य खात्यात पुन्हा भरावा लागला आणि चुकीच्या खात्यात गेलेल्या रकमेसाठी परताव्याचा अर्ज करावा लागला. तो पैसा हाती येईपर्यंत सात महिने गेले आणि त्या वर्षीचा काजू बी खरेदीचा हंगाम आम्ही नातेवाइकांकडून उसने घेऊन काढला.

सध्याच्या सल्लागारांकडे पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी नाव-गाव विचारण्याच्याही आधी विचारले होते, "ताई, म्हापशाला माल जातो का?" मी त्यांच्याकडेच राहिले ते या एका प्रश्नामुळे. महाराष्ट्रात वस्तू विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल 40 लाखांच्या आत असेल, तर त्याच्यावर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. परंतु करपात्र माल राज्याच्या हद्दीबाहेर विकला, की ही सवलत पहिल्या डब्यापासून संपते. शिवाय ठोक दराने कर भरण्याच्या कंपोझिशन योजनेत जायचे म्हटले, तर त्या योजनेतील व्यापाऱ्याला परराज्यात माल विकताच येत नाही. चिपळूणचा उद्योजक पुण्याला आणि थेट नागपूरला माल पाठवूनही 40 लाखांपर्यंत मोकळा राहतो, आणि सातार्ड्याची एखादी बाई तेरेखोल नदीवरचा पूल ओलांडून पलीकडे गोव्यातल्या दुकानात चार किलो काजूगर देऊन आली, की तिला नोंदणी, विवरणपत्रे, चलने आणि सल्लागार हे सगळे लागते. राज्याराज्यांमधल्या भिंती पाडण्यासाठी म्हणून आणलेल्या करात ही एक भिंत तेवढी उभी राहिली आहे, आणि तिच्यावर डोके आपटते ते सीमेलगतच्या लहान माणसाचे. कर सुधारणेची चर्चा वर्तमानपत्रांत निघते ती बहुतेक वेळा दर आणि टप्पे यांच्याभोवती फिरते. मला विचाराल, तर पहिली दुरुस्ती हीच व्हावी: परराज्यातील विक्रीलाही उलाढालीची काही तरी मर्यादा असावी, मग ती 40 ऐवजी 10 लाख ठेवली तरी चालेल.

आता फीविषयी. तिमाहीला 2,500 रुपये आणि वर्षअखेरीचे हिशेब व आयकर विवरणपत्र मिळून आणखी 5,000, असे आमचे वर्षाला 15,000 रुपये जातात. कुडाळ-सावंतवाडी भागात ही फी मध्यम म्हणावी लागेल. आमची उलाढाल साधारण 50 लाखांची आहे, म्हणजे शंभर रुपयांच्या विक्रीमागे 30 पैसे केवळ कर कसा भरावा हे सांगणाऱ्याला जातात. ज्याची उलाढाल आमच्या शंभरपट आहे, त्याची फी आमच्या शंभरपट नसते. कर न्याय्य असावा म्हणजे ज्याची ऐपत जास्त त्याने जास्त भार उचलावा, असे आपण मानत असू, तर करपालनाचा हा खर्च नेमका उलट्या दिशेने जातो. मी हे एकदा बोलून दाखवले तेव्हा आमचे सल्लागार न रागावता म्हणाले, "बरोबर आहे तुमचे. माझी फी हासुद्धा तुमच्यावरचा एक करच आहे, आणि तो कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही."

कामाचा दर्जा चांगला आहे. तिमाही विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी विक्रीचा तपशील 13 तारखेपर्यंत आणि मुख्य विवरणपत्र महाराष्ट्रात 22 तारखेपर्यंत द्यावे लागते. आमच्या फोनवर त्याच्या आठवडाभर आधी निरोप येतो आणि दोन दिवस आधी त्यांच्या कार्यालयातील मुलगी स्वतः फोन करते. उशीर झाला तर दिवसाला 50 रुपये आणि व्यवहारच नसेल तरीही दिवसाला 20 रुपये विलंब शुल्क लागते. सहा वर्षांत आम्हाला ते एकदाही भरावे लागलेले नाही. आपण खरेदीवर भरलेला कर आपल्या देय करातून वजा करायचा, तर विकणाऱ्याने ते बिल आपल्या विवरणपत्रात दाखवलेले असावे लागते. त्याने दाखवले नाही तर आपण त्याला कर मोजलेला असूनही तो आपल्याला वजा मिळत नाही. आमच्या पिशव्या पुरवणाऱ्याने दोन तिमाह्या विवरणपत्रच भरले नव्हते. ते आमच्या सल्लागारांच्या वेळीच लक्षात आले, कारण ते प्रत्येक ग्राहकाची खरेदीची बिले पोर्टलवरील यादीशी एकेक करून ताडून पाहतात. त्यांनी सांगितल्यावर आम्ही पुरवठादाराचे पुढचे पैसे अडवून धरले आणि त्याने आठवड्याभरात विवरणपत्रे भरली. थकबाकीदाराला हुडकण्याचे आणि त्याच्या दारात बसण्याचे काम मात्र प्रामाणिक खरेदीदाराने का करावे, हे मला अजून कोणी पटवून देऊ शकलेले नाही.

त्यांच्याकडूनही एक चूक झाली आणि ती इथे लिहिणे आवश्यक आहे. शेतकऱ्याकडून न फोडलेली काजू बी घेतली की तिच्यावरचा 5 टक्के कर शेतकऱ्याने नव्हे, तर नोंदणीकृत खरेदीदाराने भरायचा असतो. याला रिव्हर्स चार्ज म्हणतात. हा कर आधीच्या खरेदीवर भरलेल्या कराच्या शिलकीतून, म्हणजे क्रेडिटमधून, वळता करता येत नाही, रोखीनेच भरावा लागतो, आणि मग काजूगर विकला जाईल तसा तो वजा मिळतो. बी येते मार्च ते मे या काळात आणि आमचा बराचसा काजूगर विकला जातो गणपती ते दिवाळी या दिवसांत, म्हणजे 10 लाखांच्या बीवर 50,000 रुपये ऐन खरेदीच्या तोंडावर अडकून पडतात. एका वर्षी मार्चमधील 6 लाखांची खरेदी त्यांच्या नोंदीतून निसटली. सप्टेंबरमध्ये ते त्यांच्या स्वतःच्याच तपासणीत उघड झाले. त्यांनी मला बोलावून घेतले, आमची खरेदीची वही आणि त्यांचा तक्ता शेजारी शेजारी ठेवला, निसटलेल्या सात पावत्यांखाली लाल पेनाने रेघा मारल्या आणि 30,000 रुपये कर व पाच महिन्यांचे 2,250 रुपये व्याज असा आकडा लिहून दिला. व्याजाची रक्कम त्यांनी पुढच्या फीतून कापून घेतली. मी नको म्हटले नाही.

त्या 2,250 रुपयांवरून मात्र बाहेरच्या बाकावर बराच वाद झाला. जीएसटी उशिरा भरला तर करदात्याकडून वर्षाला 18 टक्के व्याज घेतले जाते, आणि सरकारकडून परतावा ठरलेल्या 60 दिवसांच्या पुढे गेला तर करदात्याला सामान्यतः 6 टक्के मिळते. आयकरातही आपल्याकडून महिन्याला 1 टक्का आणि सरकारकडून अर्धा टक्का. वसुलीला धाक हवा म्हणून दर चढा ठेवला, असा यावर खुलासा दिला जातो आणि तो अगदीच टाकाऊ नाही. पण धाक दोन्ही बाजूंना हवा, असे माझे मत आहे. आमचे सात महिने अडकलेले पैसे सरकारला स्वस्त पडले, म्हणूनच ते सात महिने अडकले असावेत.

या बाकाविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण या सेवेचा तो भाग कोणत्याही फीत मोजलेला नाही. तारीख जवळ आली, की तिथे मालवणचे एक हॉटेलवाले, आंबा बागायतदार, मच्छीमार सोसायटीचे सेक्रेटरी आणि निवृत्त मुख्याध्यापक असलेले एक गुरुजी हटकून भेटतात. गुरुजींचे निवृत्तिवेतनाचे विवरणपत्र वर्षातून एकदाच असते, तरी ते दर तिमाहीला येतात. आतून बोलावणे येईपर्यंत देशाच्या करव्यवस्थेची फेरमांडणी चालू असते.

3 सप्टेंबर 2025 रोजी जीएसटी परिषदेने 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे काढून मुख्यतः 5 आणि 18 असे दोनच दर ठेवले, चैनीच्या आणि घातक वस्तूंसाठी 40 टक्क्यांचा वेगळा दर केला आणि 22 सप्टेंबरपासून ते बहुतेक वस्तूंवर लागू झाले. त्या तिमाहीला बाकावर जागा मिळत नव्हती. माझ्यापुरता हा बदल स्वागतार्ह होता. त्याआधी ताज्या आंब्यावर कर नाही, कापून वाळवलेल्या आंब्यावर 5 टक्के आणि आंब्याच्या रसावर 12 टक्के अशी व्यवस्था होती, आणि ती समजावण्यासाठी ऑगस्ट 2022 मध्ये सरकारला खास परिपत्रक काढावे लागले होते. एकाच झाडाच्या फळाला तीन दर! आता रस आणि वाळवलेला आंबा दोन्ही 5 टक्क्यांत आले. हॉटेलवाल्यांचा अनुभव वेगळा होता. 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा कर 12 वरून 5 टक्क्यांवर आला, पण त्याबरोबर खरेदीवरील कर वजा करून घेण्याची सोय गेली. त्यांनी आदल्याच वर्षी वातानुकूलन यंत्रांवर 28 टक्के मोजून नवीन खोल्या काढल्या होत्या. पाहुण्याला बिलात कर कमी झालेला दिसतो, पण पुढे गाद्या, चादरी आणि दुरुस्तीवर भरलेला कर खोलीच्या मूळ भाड्यात मिसळून जातो. कर दिसेनासा झाला म्हणजे कमी झाला असे नव्हे, हे त्यांनी फार शांतपणे सांगितले.

गुरुजींचा मुद्दा मुळाशी जाणारा होता. 1930 साली शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला, तो केवळ मिठाच्या किमतीसाठी नव्हता, तर राजाला आणि रंकाला चिमूटभर मिठावर सारखाच कर द्यावा लागतो या अन्यायासाठीही होता, असे ते म्हणाले. आज मीठ करमुक्त आहे, पण साबण, चप्पल आणि मोबाइलच्या रिचार्जवर श्रीमंत आणि गरीब सारख्याच टक्क्यांनी कर देतात. त्यावर उपाय म्हणून गरिबांच्या वस्तू शोधून त्यांचे दर उतरवत राहायचे, हा मार्ग त्यांना पटत नाही. "पाकीटबंद पनीर करमुक्त केले. पनीर जास्त कोण खातो, रोजंदारीवरचा माणूस की मी?" असे त्यांनी विचारले तेव्हा कोणाला उत्तर सुचले नाही. दर कमीत कमी ठेवावेत, सवलती काढून टाकाव्यात आणि गरीब कुटुंबांनी खरेदीत जो कर भरला असेल त्याच्या अंदाजाइतकी रक्कम थेट त्यांच्या खात्यात परत करावी, असे त्यांचे म्हणणे. कॅनडाने 1991 मध्ये जीएसटी आणताना कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी अशीच सोय ठेवली, याचा दाखला आतल्या खोलीतून आमच्या सल्लागारांनी दिला.

कागदावर मला हा मार्ग सर्वांत न्याय्य वाटतो. परंतु सोसायटीच्या सेक्रेटरींनी तो एका वाक्यात जमिनीवर आणला. "आधी भर आणि मागाहून घे, ह्या आमका कोणी शिकवूक नको. डिझेलाचो परतावो येईसर पुढचो हंगाम सुरू होता." यांत्रिक नौकांना लागणाऱ्या डिझेलवरील राज्याचा विक्रीकर मच्छीमारांना परत मिळतो. डिझेल जीएसटीत नाही, त्यामुळे हा कर राज्याचा आणि परतावाही राज्याचा. पंपावर नाखवा संपूर्ण दर मोजतो, सोसायटी हिशेब पाठवते आणि परताव्याची थकबाकी वर्षानुवर्षे किनाऱ्यावरच्या प्रत्येक निवडणुकीत आश्वासनाचा विषय होते. तत्त्वतः त्या डिझेलवर मच्छीमाराला राज्याचा कर नाहीच, व्यवहारात मात्र तो सरकारला बिनव्याजी कर्ज देत असतो. गुरुजी यावर बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, की परतावा आधी आणि कर मागाहून असे करता आले पाहिजे. महिन्याच्या सुरुवातीलाच रक्कम खात्यात जमा होणार असेल, तर माझे मत त्यांच्या बाजूने आहे. पण नाव आणि आधार जुळले नाही म्हणून पैसे न आलेल्या दोन बायका आमच्याच प्रतवारीच्या खोलीत बसतात, आणि त्यांच्या साबणावरची सवलत आजच काढून टाका असे म्हणण्याचे धैर्य मला होत नाही.

"करमुक्त" या शब्दाचा नेमका अर्थही मला याच कार्यालयात कळला. बागायतदार समजतात की आंब्यावर कर नाही म्हणजे आपण या भानगडीतून सुटलो. आमच्या सल्लागारांनी एकदा एका बागायतदाराच्या पावत्या बाकावर मांडून दाखवल्या. रासायनिक कीटकनाशकांवर 18 टक्के, खतांवर 5 टक्के, पुठ्ठ्याच्या खोक्यांवर तेव्हा 12 टक्के, आणि फवारणी पंपाच्या डिझेलवरचा कर वेगळाच. तुडतुड्यासाठी 1,18,000 रुपयांची औषधे घेतली, तर त्यातले 18,000 रुपये कर असतो, आणि आंबा करमुक्त असल्यामुळे तो कशातूनही वजा होत नाही. कारखानदार खरेदीवरचा कर पुढे ढकलू शकतो, बागायतदार तो गिळतो. युरोपीय महासंघातील देशांना यावर लहान शेतकऱ्यांसाठी ठोक भरपाईचा तोडगा काढता येतो: शेतकऱ्याने हिशेब ठेवायचा नाही, खरेदीदाराने किमतीवर ठरावीक टक्के जास्त द्यायचे आणि ते स्वतःच्या करातून वजा करून घ्यायचे. आपल्याकडे वाशीच्या अडत्यामार्फत होणाऱ्या विक्रीत हे कितपत बसेल याची मला शंका आहे, कारण तिथे पट्टीवरचे, म्हणजे विक्रीच्या हिशेबावरचे, आकडे समजून घेण्यातच बागायतदाराचा निम्मा हंगाम जातो.

आता जो विषय निघाला की बाकावरची हवा तापते, तो शेती उत्पन्नावरील आयकराचा. इथे मी स्वतः लाभार्थी आहे, हे आधी सांगितलेले बरे. 1860 मध्ये आयकर आला तेव्हा शेतीचे उत्पन्नही त्यात होते, 1886 च्या कायद्यात ते वगळले गेले आणि आजही वगळलेलेच आहे. राज्यघटनेने हा विषय राज्यांच्या सूचीत ठेवला आहे. 1972 मध्ये के. एन. राज समितीने मोठ्या शेतीवर धारणेनुसार कर सुचवला होता, तो बासनात गेला. 2025-26 या वर्षात नव्या पद्धतीने 15 लाख रुपये पगार घेणाऱ्या प्राध्यापकाला प्रमाणित वजावटीनंतर उपकरासह 97,500 रुपये आयकर बसतो. त्याच गावात 60 लाखांचा आंबा विकणाऱ्याचे दुसरे काही उत्पन्न नसेल, तर त्याला काहीच बसत नाही. दुसरे उत्पन्न असेल तर शेतीचे उत्पन्न त्याच्या दरासाठी हिशेबात धरतात, एवढाच काय तो स्पर्श.

आमच्या रसाच्या व्यवसायात ही फट फार सोयीची आहे. स्वतःच्या बागेतला आंबा स्वतःच्या कारखान्यात वापरला, तर आंब्याची बाजारभावाने होणारी किंमत शेती उत्पन्नात जाते आणि त्यावरचा नफा तेवढा व्यवसायाचा ठरतो. आंब्याचा भाव जितका चढा दाखवावा तितका नफा करमुक्त बाजूला सरकतो. एका वर्षी मी पहिल्या पेटीचा, म्हणजे फेब्रुवारीतला, भाव लावून हिशेब नेला होता. त्यांनी तो वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "ताई, रसाला कोणी फेब्रुवारीची पेटी फोडतो का? मे महिन्यात गाळाच्या आंब्याला जो भाव मिळतो तो लिहा." मला राग आला होता. त्या वर्षी आम्हाला कर जास्त भरावा लागला आणि घरी मी बरेच बोलणेही ऐकले. आता मात्र परीक्षण लिहिताना या एका प्रसंगासाठी मी त्यांना सर्वांत जास्त गुण देते.

बागायतदारांची बाजूही पोकळ नाही. मे 2021 मध्ये तौक्ते वादळाने झाडावरचा आंबा दोन दिवसांत खाली पडला. एका वर्षी 20 लाख आणि पुढच्या वर्षी फवारणीचे पैसेही सुटले नाहीत, असे उत्पन्न पगाराच्या मापाने मोजणे अन्यायाचेच. यावर आमच्या सल्लागारांचे म्हणणे मला पटते: पाच वर्षांची सरासरी धरावी, मर्यादा नव्या पद्धतीतील करमाफीच्या 12 लाखांच्याही बरीच वर ठेवावी आणि त्यापुढच्यालाच कर लावावा. म्हणजे सिंधुदुर्गातील बहुसंख्य बागायतदारांना त्याची झळ पोहोचणार नाही आणि शेतीच्या नावाखाली इतर धंद्याचा पैसा धुणाऱ्यांची अडचण होईल. राज्ये हे करतील का, हा प्रश्न विचारताच बाकावर हशा पिकतो.

व्यवसाय कराविषयी कोणी बोलत नाही, कारण रक्कम लहान आहे. आमच्या बॉयलरवर काम करणाऱ्या माणसाला महिना 12,000 रुपये मिळतात आणि त्यातून मी 200 रुपये, फेब्रुवारीत 300, असे वर्षाला 2,500 रुपये कापून भरते. बँकेत लाखावर पगार घेणाऱ्या व्यवस्थापकाच्या पगारातूनही तेवढेच कापले जातात. राज्यघटनेतच वर्षाला 2,500 रुपयांची कमाल मर्यादा आहे आणि ती 1988 पासून बदललेली नाही, त्यामुळे वरच्या पगाराला जास्त लावता येत नाही. खालच्याला कमी मात्र लावता येते. 25,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना महाराष्ट्राने एप्रिल 2023 पासून सूट दिली, म्हणून प्रतवारीच्या खोलीतील आमच्या कोणाही बाईचे काही कापले जात नाही. रोजगार हमी योजनेसाठी हा कर आहे, त्याचा हेतू उत्तम आहे. पण ज्याला उद्या रोजगार हमीवर जावे लागेल त्याच्याच पगारातून तो घेणे मला दर महिन्याला टोचते.

सेवेतील उणिवा सांगायच्या तर कार्यालयात पावत्या अजूनही कागदावर मागतात, फोटो पाठवले तरी मूळ प्रत लागतेच. तेथे इंटरनेटची रेंज दुपारनंतर जाते आणि पावसाळ्यात वीजही. 1 एप्रिल 2026 पासून 1961 च्या जागी आलेल्या नव्या आयकर कायद्यात आकारणी वर्ष जाऊन केवळ कर वर्ष राहिले, तरी त्यांच्या फायलींवर जुनेच शब्द आहेत आणि नव्या ग्राहकाचा त्याने गोंधळ होतो. नोटीस आली तर पहिले उत्तर ते स्वतः तयार करतात, परंतु अपिलाचे काम घेत नाहीत. त्यासाठी त्यांच्या ओळखीच्या सनदी लेखापालाकडे पाठवतात आणि त्याची फी वेगळी पडते. मोठा व्यवसाय असणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावे.

जायचे असेल तर सकाळी साडेदहाला पोहोचावे. बँकेचा उतारा, खरेदीची वही आणि गेल्या तीन महिन्यांची बिले सोबत ठेवावीत. 13 आणि 22 तारखेच्या आधीचे दोन दिवस टाळावेत, कारण तेव्हा बाकावर बसायला जागा नसते आणि गुरुजींना उठवणे कोणालाच जमत नाही. नोंदणीची गरज नसेल तर ते तसे स्पष्ट सांगतात आणि त्या सल्ल्याचे पैसे घेत नाहीत. मात्र सीमेपलीकडे एखादा डबा जरी जात असेल, तर तो पहिल्याच भेटीत सांगून टाकावा.